चिऱ्याच्या भिंतीवर टीव्ही टांगायचाय, स्टँड घरीच करायचा विचार आहे

माजघर
नमस्कार मंडळी. भावाने मुंबईचं घर बदललं आणि त्याचा ४३ इंची टीव्ही आमच्याकडे गावी (राजापूर तालुका) पाठवून दिला. भिंतीवरचा स्टँड मात्र तिकडच्या भिंतीलाच राहिला, आणि खालचे पाय कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. सध्या टीव्ही गोधडीत गुंडाळून कॉटवर आडवा आहे.

बाजारात तयार स्टँड मिळतो हे माहीत आहे. पण माळ्यावर फणसाच्या जुन्या फळ्या आहेत, बाबांची करवत, रंधा, पटाशी सगळं जागेवर आहे, आणि मला हे हाताने करायचंय. टीव्ही वजनकाट्यावर ठेवून पाहिला, ९ किलोला थोडा कमी. मागे चार भोकं आहेत, मधलं अंतर दोन्ही बाजूंनी २०० मिलिमीटर.

भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, आतून चुन्याचा जुना गिलावा, त्यावर नंतर कधीतरी सिमेंटचा हात मारलेला. प्रश्न तीन. लाकडाचा करू की लोखंडाचा? भिंत धरेल का? आणि उंची किती ठेवू? आम्ही बहुतेक वेळ खाली सतरंजीवर बसूनच बघतो.

फटफटी
आधी भिंत वाजवून बघ. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय.

रंधा
लाकडाचाच कर. ९ किलोच्या टीव्हीला लोखंडाची गरज नाही. तिरक्या कापाच्या दोन पट्ट्यांची जोडी कर, सगळ्यात सोपी आणि भरवशाची पद्धत.

अंदाजे ४ इंच रुंद आणि १८ ते २० मिलिमीटर जाडीची सरळ फळी घे. ती लांबीच्या दिशेने मधोमध ४५ अंशात तिरकी चीर. दोन पट्ट्या मिळतात. एक भिंतीला, एक टीव्हीच्या मागच्या फळीला. भिंतीवरच्या पट्टीचा उतार भिंतीकडे यायला हवा, म्हणजे तिची धारदार कड बाहेरच्या बाजूला वर राहील आणि भिंत व पट्टी यांच्यात खाच तयार होईल. टीव्हीची पट्टी उलटी लावायची, ती वरून त्या खाचेत बसते. टीव्ही जितका जड तितकी ती भिंतीकडे घट्ट ओढली जाते. काढायचा झाला तर दोघांनी उचलायचा की सुटला.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. वर पट्टीची जाडी आली, खाली काहीच नाही, म्हणून टीव्ही खालून भिंतीकडे झुकतो. टीव्हीच्या फळीला खालच्या बाजूला त्याच जाडीचा एक तुकडा लाव, म्हणजे पडदा ओळंब्यात राहील.

फणस चालेल, पण वाकलेली किंवा गाठीची फळी घेऊ नको. रेषा पट्टीच्या लांबीने धावल्या पाहिजेत. आडव्या रेषेची पट्टी तिरक्या कडेला चिरफळते. साग असेल तर प्रश्नच मिटला. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० चा मरीन घे. साधा प्लाय कोकणातल्या पावसाळ्यात फुगतो.

वेल्डिंगवाला_नाना
रंधाभाऊ, तुमचा आदर राखून सांगतो, लाकूड कोकणात भिंतीला चिकटवून ठेवायचं म्हणजे वाळवीला आवताण. २५ बाय २५ बाय ३ चा अँगल घ्या, मीटरला १.१ किलो भरतो. दोन फूट आडवा तुकडा भिंतीला. टीव्हीला दोन उभ्या पट्ट्या, वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. आकडे अँगलवर अडकवले की काम संपलं. गावातला कोणीही फॅब्रिकेटर चहा पिईपर्यंत करून देईल.

रंधा
नाना, त्यांना हाताने करायचंय. वेल्डिंग मशीन माळ्यावर नाहीये त्यांच्या :)

वेल्डिंगवाला_नाना
मग भोकांचा अँगल आणा, तो नटबोल्टवर जोडता येतो, वेल्डिंग नको. आणि रेड ऑक्साइडचे (गंज रोखणारा रंग) दोन हात. समुद्राकडची हवा लोखंड खाते, हे मात्र तुमच्या बाजूने बोलतोय.

बोरिवली_फास्ट
स्टँड कशाचा यावर भांडू नका, भिंत कशाची यावर बोला. आमच्या नव्या इमारतीत आतल्या भिंती हलक्या राखाडी ब्लॉकच्या आहेत. शेजाऱ्यांकडे स्टँड बसवायला जो माणूस आला त्याने ड्रिलचा हॅमर (ठोके मारत फिरणं) चालू ठेवून भोकं पाडली आणि फुगणारे लोखंडी अँकर पिळून घट्ट केले. ब्लॉक आतून फुटला. वरून काही दिसलं नाही. दिवाळीच्या आधी पडदे धुवायला काढताना स्टँडला नुसता हात लागला आणि सगळं पुढे आलं. टीव्ही वाचला कारण खाली सोफा होता.

त्या ब्लॉकला हॅमर बंद करून, नुसतं फिरवून भोक पाडायचं असतं. गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरणारी नळी) लांब हवी, त्या ब्लॉकसाठी वेगळी मिळते. किंवा बोल्ट आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी लावायची. चिऱ्याचं मला माहीत नाही, जाणकारांनी सांगावं.

गणिताचा_तास
थोडं गणित मांडतो, घाबरू नका, सातवीच्या पुढचं नाही.

टीव्ही भिंतीला घासून असेल तर त्याचं वजन मुख्यतः खाली ओढतं. स्क्रू बाहेर उपसला जाण्याची ओढ त्या मानाने फार कमी. धरून चला, टीव्हीचा भारमध्य भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर आहे, आणि वरचे स्क्रू ते खालचा टेकू यात २५ सेंटिमीटर अंतर आहे. मग वरच्या सगळ्या स्क्रूंवर मिळून बाहेरची ओढ ९ गुणिले ६ भागिले २५, म्हणजे सव्वादोन किलोच्याही आत. चार स्क्रूत वाटली तर प्रत्येकाला अर्धा किलो.

आता हाच टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या हातावर लावा आणि ४५ सेंटिमीटर बाहेर काढा. ९ गुणिले ४५ भागिले २५, म्हणजे १६ किलोच्या वर, शिवाय त्या हाताचं स्वतःचं वजन वेगळं. टीव्ही तोच, भिंत तीच, ओढ साडेसातपट.

म्हणून माजघर, पहिल्यांदाच करताय तर हलणारा, वळणारा स्टँड करू नका. सपाट टांगा. आणि वरचे स्क्रू ते खालचा टेकू हे अंतर जमेल तितकं जास्त ठेवा, ते फुकटात मिळणारं बळ आहे.

मांजरीची_मावशी
यात मांजर टीव्हीवर चढली तर किती मिळवायचे? आमची साडेचार किलोची आहे आणि ती चढतेच.

गणिताचा_तास
मावशी, चढताना ती उडी मारते, म्हणजे क्षणभर वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर बसतो. तुमच्याकडे पंधरा किलो वेगळे धरा. गंभीरपणे सांगतोय. लहान मुलं टीव्हीला लोंबकळतात तिथेही हेच. टीव्हीच्या वजनाच्या चौपट भार सहज झेलेल इतकं पक्कं काम करावं, या मताचा मी आहे.

चिरेबंदी
उशिरा आलो. आमची तीन पिढ्यांची चिऱ्याची घरं, मालवणकडची. बोरिवलीकरांचा मुद्दा सोळा आणे खरा, भिंत आधी.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वारा लागला की कडक होत जातो. पण कडक झाला तरी त्याच्या अंगात पोकळ्या राहतातच. एकाच चिऱ्यात एका ठिकाणी ड्रिल दातओठ खात जातं आणि चार बोटं बाजूला लोण्यात शिरल्यासारखं सुटतं. तिथे पिवळी माती असते. म्हणून भोक पाडताना बाहेर येणारी भुकटी बघायची. तांबडी, खरखरीत भुकटी सलग येत असेल तर भोक चांगलं. मध्येच पिवळी, पिठासारखी मऊ आली आणि ड्रिल एकदम आत गेलं तर ते भोक सोडून द्यायचं, बुजवायचं, दुसरीकडे घ्यायचं. त्या भोकाशी वाद घालू नये.

दुसरं, सांधे. जुन्या घरात चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेत. सांध्यात पाडलेलं भोक काही धरत नाही. गिलाव्यामुळे सांधा दिसत नाही, म्हणून आधी बारीक, ४ मिलिमीटरच्या बिटने एक-दोन ठिकाणी चाचपून घ्यावं. एक चिरा साधारण फूट-सव्वा फूट लांब असतो. एकदा सांधा सापडला की पुढचे अंदाजाने कळतात. चारही स्क्रू चिऱ्याच्या पोटात आले पाहिजेत.

तिसरं, गिलावा मोजायचा नाही. चुन्यावर सिमेंट म्हणजे दोन्ही मिळून इंचभर सहज असेल, आणि ते थर एकमेकांना नीट धरत नाहीत. गिट्टी पूर्णपणे चिऱ्यात बसायला हवी. म्हणजे दोन इंचांची गिट्टी तर भोक किमान तीन इंच खोल, आणि स्क्रू त्यात फळीची जाडी मिळवून. १० मिलिमीटरची नायलॉनची गिट्टी घ्या. चिऱ्यालाही हॅमर बंदच ठेवा, हळू फिरवा. भोक झालं की सायकलच्या पंपाने आतली भुकटी उडवा, नाहीतर गिट्टी भुकटीलाच धरून बसते.

फुगणारा लोखंडी अँकर चिऱ्यात नको. फारच पोकळ भिंत असेल तर रसायन भरून बसवायचा अँकर मिळतो. त्यासोबत जाळीची नळी घ्यावी लागते, नाहीतर सगळं रसायन पोकळीत वाहून जातं. ९ किलोला त्याची गरज पडेल असं वाटत नाही.

आणि कुठली भिंत ते सांगितलं नाहीत. पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर टाळा. जांभा पाणी पितो, आषाढात आतल्या बाजूला ओल येते. मधली भिंत घ्या.

माजघर
चिरेबंदी, इतकं कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. भिंत मधलीच आहे, ओटी आणि माजघर यांच्यातली. बद्द आवाज एका कोपऱ्यात येतो, तो सोडून जागा धरेन.

जुना_अँटेना
धागा वाचून ब्राउन रंगाचा अँगलचा स्टँड आठवला. जाड काचेचे टीव्ही होते तेव्हा प्रत्येक खानावळीत, एसटी कँटीनमध्ये, चाळीच्या कोपऱ्यात असायचा. २१ इंची टीव्ही म्हणजे वीस किलोच्या पुढे, आणि वजन सगळं पुढच्या काचेत. म्हणून त्या स्टँडला खालून तिरके आडणे असायचे आणि पुढे पट्टीचा कठडा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या वाडीत टीव्ही यायला त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली, पण आला तेव्हा ग्रामपंचायतीत लाकडी पेटीत, सरकत्या झडपेला कुलूप लावून ठेवलेला. बातम्यांच्या वेळी किल्ली घेऊन शिपाई आला की पोरं टाळ्या वाजवायची.

मांजरीची_मावशी
झडपेची पेटी! आमच्याकडे तिच्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर प्लास्टिकची फुलं. आताच्या टीव्हीवर रुमाल राहतच नाही.

मेपल
मिनेसोटाहून. इथे भिंत म्हणजे आत लाकडी खांब आणि वर जिप्समचा पत्रा. खांब १६ इंचांवर असतात, जाडी दीड इंच. नुसत्या पत्र्यात स्क्रू घातला तर धरत नाही. मी लोहचुंबक भिंतीवरून फिरवते. आत पत्रा ज्या खिळ्यांनी ठोकलाय तिथे तो चिकटतो, तोच खांब. मी प्लायची तिरकी पट्टीच केली आहे, दोन खांबांत जाड स्क्रू घालून. पट्टी दोन खांबांमधल्या अंतरापेक्षा लांब ठेवली की टीव्ही डावी-उजवीकडे सरकवता येतो, हा मोठा फायदा. चिऱ्याच्या भिंतीतही उपयोगी पडेल: स्क्रू जिथे चिरा चांगला तिथे, टीव्ही जिथे हवा तिथे.

चिरेबंदी
मेपलताई, फार उपयोगाचं बोललात. माजघर, पट्टी तीन फुटांची घ्या.

स्वरा_तळेगाव
थोडं अवांतर. आम्ही भाड्याने राहतो, मालक एक खिळाही मारू देत नाहीत. कोणी जमिनीवर उभा राहणारा घरी केलाय का?

रंधा
केलाय. दोन उभ्या सागाच्या पट्ट्या, खाली रुंद पाटाचा पाया, मागे तिरका टेकू. टीव्हीला तीच तिरकी जोडी. पाया टीव्हीच्या जाडीवर ठरवू नका, उंचीवर ठरवा. जितकं उंच तितका खोल पाया. आमच्याकडे ४० इंची टीव्हीचा मध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आहे, पाया पुढून मागे ५० सेंटिमीटर आणि त्यावर मागच्या बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा वजनाला. घरात लहान मूल असेल तर वरच्या टोकाला पट्टा लावून खिडकीच्या गजाला बांधा. मूल पायावर चढतं, स्टँड त्याच्याच अंगावर येतो. यात तडजोड नको.

स्वरा_तळेगाव
फरशीची कल्पना आवडली. धन्यवाद!

काजूगर
नानांनी वाळवी काढली होती, तिचं उत्तर राहिलं. आमच्याकडे वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, वाळवी फिरकत नाही. काजूच्या कारखान्यात मिळतं. हातमोजे घालूनच लावा, कातडीला लागलं तर फोड येतात. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला दोन हात, आणि नीट वाळू द्या. वास काही दिवस राहतो.

वेल्डिंगवाला_नाना
हे मान्य. टरफलाचं तेल असेल तर लाकडाला माझी हरकत नाही.

उंचमान
उंचीबद्दल कोणीच बोललं नाही. हॉलमध्ये दाराच्या वर टीव्ही लावायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. मान वर करून तासभर बघायचं म्हणजे शिक्षा आहे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. सोफ्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०५-११० सेंटिमीटरवर येतात, खाली बसलं की ७५-८० वर. घरातल्या माणसाला सतरंजीवर बसवून टेप लावा आणि मोजा.

फटफटी
इतक्या खाली लावला तर नातवंडं बोटं लावतील, कुत्रा शेपटी मारेल. मी तर म्हणतो थोडा वरच.

उंचमान
थोडा वर ठेवायचाच असेल तर पडदा किंचित खाली झुकवा. रंधा म्हणाले तो खालचा तुकडा पातळ केला की आपोआप झुकेल. पण दारावर नको, एवढं ऐका.

रंधा
बरोबर. १८ च्या जागी ८-१० मिलिमीटरचा तुकडा लावला की पुरेसा झुकतो.

आणि टीव्हीकडच्या स्क्रूचं सांगायचं राहिलं. २०० च्या भोकांना बहुतेक वेळा एम-६ (६ मिलिमीटर जाडीचा) लागतो, लहान टीव्हीच्या १०० च्या भोकांना एम-४. लांबी मात्र अंदाजाने घेऊ नका. उदबत्तीची काडी भोकात टेकेपर्यंत घाला, कडेला नखाने खूण करा, मोजा. त्यात फळीची आणि वॉशरची जाडी मिळवा आणि दोन मिलिमीटर वजा करा. लांब स्क्रू आत जाऊन पॅनेलला मागून टोचतो, आणि मग टीव्ही गेला. हाताने घट्ट करा, ड्रिलने नको. मागची हवेची भोकं फळीने झाकली जाणार नाहीत, फळी मधोमध अरुंदच ठेवा.

जुना_अँटेना
केबल आणि प्लग आधी लावून मग टांगा. सपाट टांगलेल्या टीव्हीच्या मागे हात जात नाही. आणि वळवाच्या पावसात वीज कडकडायला लागली की प्लगही काढा, डिशची वायरही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, डिशच्या वायरीतून येते.

बोरिवली_फास्ट
आणि भोक पाडण्याआधी भिंतीतली वायर. स्विचबोर्डच्या बरोबर वर आणि खाली उभी रेघ सोडून द्या, वायर बहुधा तिथूनच जाते.

माजघर
आमच्याकडे वायरिंग सगळं बाहेरून पट्टीवर आहे, त्यामुळे ती चिंता नाही.

तर ठरलं असं: फणसाची साडेतीन फुटांची सरळ फळी निघाली, तीच चिरणार. काजूच्या तेलासाठी आडिवरे गावी सांगून ठेवलंय. आईला सतरंजीवर बसवून मोजलं, डोळे ७४ सेंटिमीटर. मध्य ९५ वर धरतोय, खालचा तुकडा पातळ करून. काल ४ च्या बिटने चाचपलं. डावीकडे भुकटी तांबडी, सलग. उजवीकडे दुसऱ्याच भोकाला पिवळी आली आणि बिट आत पळालं. चिरेबंदींचं वाक्य आठवलं, ते सोडून पाच बोटं वर घेतलं, तिथे चांगलं लागलं. आता एकच विचारायचंय, उजवीकडचा एक स्क्रू त्यामुळे बाकीच्यांच्या रेषेत नाही, तर पट्टी कमकुवत होईल का?

रंधा
होणार नाही, उलट एका रेषेत नसलेले स्क्रू बरे, फळी रेषेवर फाटत नाही. फक्त तिरक्या कडेपासून इंचभर खाली राहू दे. फळीत आधी भोक पाडून घे, थेट स्क्रू पिळू नको. ४ इंचाची फळी चिरलीस तर पट्टी दोन इंचांचीच उरेल, पाच बोटांचा फरक तिच्यात मावणार नाही. भिंतीकडची पट्टी रुंद ठेव, पाच इंच तरी.

चिरेबंदी
आणि पट्टी लागली की टीव्ही चढवायच्या आधी तिला भाताची अर्धी गोण दोरीने टांगून रात्रभर ठेवा. सकाळी पट्टी आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड सरकतंय का बघा. सरकलं नाही तर खुशाल लावा.

मांजरीची_मावशी
फोटो टाका हो नक्की. आणि भात नंतर शिजवा.